इंग्रजी शिकण्याची मराठी वाट

चंद्रपूर जिल्ह्यांतील घुग्घुस हें कोळशाचें गांव आहे. वर्धा नदीच्या खोऱ्यांतील खाणींतून निघणारा कोळसा तेथून मालगाडीनें दूरदूर जातो. ज्या डब्यांत हा कोळसा भरतात त्या डब्याला मराठींत 'वाघीण' असें म्हणतात. ताडोबाच्या अरण्यांत हिंडणाऱ्या वाघिणीशीं या डब्याचें कांहीं नातें नाहीं. इंग्रजी 'वॅगन' हा शब्द मराठी माणसाच्या तोंडीं घोळतां घोळतां ओळखीचा झाला आणि त्याची 'वाघीण' झाली. 'स्टेशन'चें 'ठेसण' झालें आणि 'लॉर्ड'साहेबांचे 'लाटसाहेब' झाले, ते याच रीतीनें. इंग्रजी विद्येला वाघिणीचें दूध म्हणण्याचा प्रघात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नांवाशीं जोडला जातो. घुग्घुसकरांच्या दारावरून वाघीण रोज जाते. तिचें दूध मात्र पुष्कळांना अद्याप पचलेलें नाहीं. शब्द घरांत आला, परंतु भाषा अंगणांतच राहिली. असें कां झालें आणि त्यावर उपाय कोणता, याचा विचार या भाषणांत करावयाचा आहे.

या विचारासाठीं घुग्घुस हें गांव मोठें सोईचें आहे. कोळशाच्या खाणी, सिमेंटचा कारखाना आणि लोखंडाचा कारखाना यांमुळें तेथें मराठी, तेलुगू, हिंदी आणि गोंडी बोलणारीं कुटुंबें एकमेकांच्या शेजारीं नांदतात. मुलें खेळतां खेळतां दोन-तीन भाषा उचलतात आणि त्यासाठीं कोणासहि शिकवणी ठेवावी लागत नाहीं. परंतु तींच मुलें आठ-दहा वर्षें शाळेंत इंग्रजी शिकतात, परीक्षेंत बरे गुण मिळवितात, आणि नागपूरला किंवा पुण्याला नोकरीच्या मुलाखतीस बसलीं कीं त्यांच्या तोंडाला कुलूप लागतें. तेव्हां उणीव बुद्धीची नाहीं आणि जिभेचीहि नाहीं; उणीव शिकण्याच्या रीतीची आहे.

प्रथम शब्दांचा विचार करूं. खाणींत काम करणारा एखादा गृहस्थ 'आपल्याला इंग्रजी येत नाहीं' असें म्हणतो. परंतु शिफ्ट, ड्यूटी, डंपर, पंप, बेल्ट, ब्लास्टिंग, हेल्मेट, ओव्हरटाइम, रिपोर्ट, मेडिकल असे कितीतरी शब्द त्याच्या रोजच्या बोलण्यांत असतात. घरीं त्याच्या पत्नीच्या बोलण्यांत कुकर, गॅस, मिक्सर, मीटर, बिल, रिचार्ज हे शब्द असतात. एखाद्या कुटुंबानें संध्याकाळीं वही घेऊन असे शब्द टिपावयास आरंभ केला तर पहिल्याच बैठकींत शंभराचा आंकडा सहज ओलांडला जाईल. जो स्वतःस निर्धन समजत होता त्याच्या घरांतच पुरलेलें धन सांपडावें, तसा हा प्रकार आहे. आणि ही देवघेव एकतर्फी नाहीं. खाणींतील एका ठराविक विभागाच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणारा जो अनुभवी माणूस, त्याला 'मायनिंग सरदार' म्हणतात. 'सरदार' हा शब्द फारसींतून आपल्याकडे आला आणि आपल्याकडून इंग्रजींत गेला. कोळसा खाणींच्या १९५७ सालच्या इंग्रजी नियमांत आणि त्यानंतर आलेल्या २०१७ सालच्या नियमांतहि हें पदनाम जसेंच्या तसें आहे.

तथापि परिचयाचा शब्द नेहमींच विश्वासाचा असतो असें नाहीं. पुष्कळ इंग्रजी शब्द मराठींत आल्यावर त्यांनीं आपला धंदा बदलला आहे. आपल्या गांवच्या 'हॉटेलां'त चहा आणि भजीं मिळतात. इंग्रज माणूस 'हॉटेल' म्हणतो तेव्हां त्याच्या मनांत रात्रीं झोपावयास मिळणारी खोली असते. आपण 'लाइट गेली' म्हणतों तेव्हां वीज गेलेली असते. इंग्रजींत 'लाइट' म्हणजे उजेड किंवा दिवा, आणि वीज गेली हें सांगावयाचें तर 'द पॉवर इज आउट' असें म्हणावें लागतें. न्हाव्याच्या दुकानांतील 'कटिंग' हें इंग्रजींत 'हेअरकट' होतें. म्हणून वहींत टिपलेल्या प्रत्येक शब्दापुढें तो इंग्रजी वाक्यांत कसा वागतो हेंहि टिपून ठेवणें अवश्य आहे.

येथेंच शब्द पाठ करण्याच्या चालू रीतीचा दोष उघड होतो. विद्यार्थी 'क्लोज म्हणजे बंद करणें' असें घोकतो. मराठींत दार, दिवा, पंखा, नळ हें सर्व आपण 'बंद'च करतों. म्हणून तो 'क्लोज द फॅन' असें म्हणून मोकळा होतो. इंग्रजींत दाराला 'क्लोज' किंवा 'शट' चालतें, दिव्याला आणि पंख्याला 'स्विच ऑफ' लागतें, आणि नळाला 'टर्न ऑफ'. तसेंच 'करणें' या एका क्रियापदाचे इंग्रजींत अनेक वाटेकरी आहेत. चहा करणें म्हणजे 'मेक टी', चूक करणें म्हणजे 'मेक अ मिस्टेक', परंतु अभ्यास करणें म्हणजे 'डू होमवर्क' आणि स्वयंपाक करणें म्हणजे नुसतें 'कुक'. मराठी विद्यार्थी परीक्षा 'देतो', इंग्रजी विद्यार्थी ती 'टेक' करतो म्हणजे घेतो. आणि मराठी विद्यार्थी 'आय गेव्ह द एक्झॅम' असें म्हणाला तर ऐकणारा त्यालाच परीक्षक समजण्याचा संभव आहे. तात्पर्य, शब्द हा एकटा शिकण्याची वस्तु नाहीं. माणसाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून होते, तशीच शब्दाचीहि होते. सुटे पन्नास शब्द घोकण्यापेक्षां पांच वाक्यें तोंडीं बसविणें अधिक फलदायी होय.

शब्द किती लागतात, असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. त्याचें उत्तर धीर देणारें आहे. सी. के. ऑग्डन या इंग्रज पंडितानें १९३० सालीं 'बेसिक इंग्लिश' नांवाची योजना पुढें मांडली. तींत अवघे ८५० शब्द होते. मायकेल वेस्ट या शिक्षणतज्ज्ञानें पूर्वीं बंगालमध्यें इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या वाचनाचा अभ्यास केला होता. त्यानें १९५३ सालीं सुमारें २००० अत्यंत उपयुक्त शब्दांची यादी प्रसिद्ध केली आणि ती पुढें जगभर पाठ्यपुस्तकांच्या कामीं आली. दोन हजार शब्दांत सर्व ग्रंथ वाचतां येणार नाहींत. परंतु बँक, दवाखाना, स्टेशन, कचेरी आणि मुलाखत एवढ्या ठिकाणीं अडून राहण्याचें कारण पडणार नाहीं. आणि त्यांतील कित्येक शब्द घुग्घुसच्या घराघरांत आधींच येऊन बसलेले आहेत, हें वर पाहिलेंच.

तेव्हां खरी अडचण शब्दांची नसून वाक्याची आहे. वाक्याचा कणा क्रियापद, आणि क्रियापदाचा प्राण काळ. इंग्रजीचे 'बारा काळ' हें नांव ऐकूनच पुष्कळांची छाती दडपते. परंतु एक साधें मराठी वाक्य घेऊन पाहावें. मी पत्र लिहितों. मी पत्र लिहीत आहें. मी पत्र लिहिलें आहे. मी पत्र लिहिलें. मी पत्र लिहीत होतों. मी पत्र लिहिलें होतें. मी पत्र लिहीन. मी पत्र लिहीत असेन. मी पत्र लिहिलेलें असेल. हीं नऊ रूपें कोणत्याहि मराठी घरांतील सहा वर्षांचें मूल न शिकतां समजतें. इंग्रजींत तींच क्रमानें अशीं येतात : 'आय राइट', 'आय अ‍ॅम राइटिंग', 'आय हॅव रिटन', 'आय रोट', 'आय वॉज राइटिंग', 'आय हॅड रिटन', 'आय विल राइट', 'आय विल बी राइटिंग', 'आय विल हॅव रिटन'. म्हणजे बारांपैकीं नऊ खोल्यांच्या किल्ल्या मराठी माणसाच्या कमरेलाच आहेत. ज्याला 'लिहिलें', 'लिहिलें आहे' आणि 'लिहिलें होतें' यांतील भेद स्वतःच्या भाषेंत नीट उमगला, त्याला इंग्रजीचा तक्ता पाठ करण्याचे फारसे कष्ट पडत नाहींत. उलट ज्याचें मराठी व्याकरण कच्चें, तो इंग्रजीचा तक्ता पाठ करूनहि कोरडाच राहतो.

आपल्या पूर्वजांनीं हीच वाट धरली होती. बाळशास्त्री जांभेकरांचें 'दर्पण' हें पत्र ६ जानेवारी १८३२ रोजीं निघालें. त्यांत मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापीत असत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं प्रसिद्ध झाला आणि त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघाली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचें मराठी व्याकरण १८३६ सालीं निघालें. पुढें 'भाषांतर पाठमाला' हें तर्खडकरी पुस्तक तर अनेक पिढ्यांच्या हातीं होतें. मराठी वाक्याचें इंग्रजी करावयाचें आणि इंग्रजीचें मराठी करावयाचें, हाच त्यांतील परिपाठ. या सर्वांनीं एका भाषेचा हात धरून दुसऱ्या भाषेच्या घरांत प्रवेश केला. पहिलीला घराबाहेर घालविल्याखेरीज दुसरीला आंत घेतां येत नाहीं, अशी त्यांची समजूत नव्हती.

आतां हेंहि मान्य केलें पाहिजे कीं, दोन्ही भाषांची चाल सर्वत्र जुळत नाहीं. जेथें ती जुळत नाहीं त्या ठेंचा लागण्याच्या जागा थोड्या आहेत, आणि त्या आधींच ठाऊक असल्या तर पाय जपून टाकतां येतो.

पहिली जागा 'पासून'ची. 'मी दहा वर्षांपासून खाणींत काम करतों आहें' असें मराठी माणूस म्हणतो. त्याच्या दृष्टीनें काम आज चालू आहे, म्हणून क्रियापद वर्तमानकाळीं. तो शब्दशः 'आय अ‍ॅम वर्किंग सिन्स टेन इयर्स' असें म्हणतो. इंग्रजाची दृष्टि येथें निराळी. काम मागें सुरू होऊन आजपर्यंत चालत आलें, हा प्रवास तो क्रियापदांतच दाखवितो : 'आय हॅव बीन वर्किंग इन द माइन फॉर टेन इयर्स'. मराठींत न सांपडणारे जे तीन काळ वर उरले होते, ते याच जातीचे होत. शिवाय आपलें एक 'पासून' इंग्रजींत दोघांत वांटलें जातें. आरंभाचा क्षण सांगावयाचा तर 'सिन्स', जसें 'सिन्स मंडे'. मधली लांबी सांगावयाची तर 'फॉर', जसें 'फॉर टेन इयर्स'.

दुसरी जागा 'होतों'ची. 'काल मी चंद्रपूरला गेलों होतों' हें शुद्ध मराठी आहे; गोष्ट होऊन गेली, आतां मी परत आलों आहें, एवढाच त्याचा भाव. परंतु 'आय हॅड गॉन टू चंद्रपूर यस्टरडे' असें म्हटलें कीं इंग्रज माणूस पुढल्या वाक्याची वाट पाहूं लागतो. त्याच्या भाषेंत 'हॅड' हें भूतकाळांतील दोन गोष्टींपैकीं आधींची कोणती हें सांगण्यासाठीं असतें : 'द ट्रेन हॅड लेफ्ट व्हेन आय रीच्ड द स्टेशन', म्हणजे मी पोहोंचलों तेव्हां गाडी निघून गेलेली होती. एकच गोष्ट सांगावयाची असेल तर 'आय वेंट टू चंद्रपूर यस्टरडे' एवढें पुरे. त्याचप्रमाणें 'काल', 'गेल्या वर्षीं', 'सकाळीं नऊ वाजतां' असा गतकाळाचा ठराविक निर्देश वाक्यांत असला कीं 'हॅव'ला तेथें थारा नाहीं.

तिसरी जागा भविष्याची. आई हांक मारते आणि मुलगा खेळतां खेळतां 'आलों!' म्हणतो. तो आलेला नसतो, कित्येकदां निघालेलाहि नसतो. तरी मराठी त्याला भूतकाळ वापरूं देते. इंग्रजींत त्यानें 'आय अ‍ॅम कमिंग' म्हणावें. 'उद्यां येतों' याचेंहि 'आय कम टुमॉरो' न होतां 'आय अ‍ॅम कमिंग टुमॉरो' किंवा 'आय विल कम टुमॉरो' होतें. उलट 'तो येईल तेव्हां सांगेन' या वाक्यांत मराठी दोनदां भविष्यकाळ वापरते, तर इंग्रजी एकदांच : 'आय विल टेल हिम व्हेन ही कम्स'. 'व्हेन' आणि 'इफ' यांच्या पाठीमागें अशा वाक्यांत 'विल' येत नाहीं, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे झालें.

चौथी जागा मनाच्या व्यापारांची. 'मला समजतें आहे', 'मला आठवतें आहे' असें आपण म्हणतों. इंग्रजींत जाणणें, समजणें, आवडणें, जवळ असणें या गोष्टी चालू क्रिया मानीत नाहींत. म्हणून 'आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग' नव्हे, 'आय अंडरस्टँड'. 'आय अ‍ॅम हॅविंग अ सायकल' नव्हे, 'आय हॅव अ सायकल'. या 'मला'चा स्वभावहि ओळखून ठेवण्याजोगा आहे. मराठींत भूक मला लागते, थंडी मला वाजते, ताप मला येतो, दोन भाऊ मला असतात. माणूस बाजूला बसतो आणि सर्व कांहीं त्याच्याकडे चालत येतें. इंग्रजींत माणसाला उठून वाक्याच्या आरंभीं उभें राहावें लागतें : 'आय अ‍ॅम हंग्री', 'आय फील कोल्ड', 'आय हॅव अ फीव्हर', 'आय हॅव टू ब्रदर्स'. 'मला'नें सुरू होणारें वाक्य इंग्रजींत नेतांना बहुधा 'आय'पासून आरंभ करावा, हा नियम पुष्कळ ठिकाणीं उपयोगीं पडतो.

इंग्रजीच्या सवलतीहि सांगितल्या पाहिजेत. 'मी आंबा खाल्ला', 'मी पोळी खाल्ली', 'मी केळें खाल्लें' असें मराठी क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणें रूप पालटतें. परप्रांतीयाला येथें घाम फुटतो. इंग्रजींत तिन्ही ठिकाणीं 'आय एट' एवढेंच. मुलगा गेला, मुलगी गेली, मूल गेलें, सर्वांना एकच 'वेंट'. मराठीसारखी कठीण भाषा ज्यानें पाळण्यांतच हस्तगत केली, त्यानें इंग्रजीला भिण्याचें कारण नाहीं.

आतां संभाषणाकडे वळूं. प्रश्न विचारण्यासाठीं मराठीला एक 'का' पुरतो : 'तुम्ही जेवलांत का?' इंग्रजीला 'डू', 'डझ', 'डिड' असा मदतनीस पुढें पाठवावा लागतो, आणि 'डिड' आला कीं काळाचें ओझें तोच उचलतो. म्हणून 'डिड यू वेंट?' नव्हे, 'डिड यू गो?' एका ओझ्याला दोन हमाल लावूं नयेत.

याहून नाजूक बाब होकार-नकाराची. 'तूं पंप बंद केला नाहींस ना?' असें विचारलें असतां मराठी माणूस 'हो' म्हणतो. म्हणजे 'आपण म्हणतां तें खरें, बंद केला नाहीं.' इंग्रजींत अशा वेळीं 'येस' म्हटलें तर 'बंद केला' असा अर्थ होतो. केला नसेल तर 'नो'च म्हणावें लागतें. जेथें यंत्रें आणि स्फोटकें यांच्याशीं गांठ आहे तेथें हा भेद केवळ व्याकरणाचा राहत नाहीं; एका चुकीच्या होकारावर कोणाचा तरी जीव लटकलेला असूं शकतो. म्हणून नुसतें 'येस' किंवा 'नो' म्हणून थांबूं नये. 'नो, आय डिड नॉट स्विच इट ऑफ' असें पुरें वाक्य बोलावें.

तिसरी बाब आदराची. मराठींत तूं, तुम्ही आणि आपण अशा तीन पायऱ्या आहेत. इंग्रजींत साऱ्यांना एक 'यू'. 'पाणी द्या' या आपल्या वाक्यांत 'द्या' या रूपांतच मान आहे. त्याचें 'गिव्ह मी वॉटर' केलें कीं तो मान वाटेंत गळून पडतो आणि सभ्य माणूसहि उद्धट ठरतो. इंग्रजी आपला आदर 'प्लीज'मध्यें आणि 'कुड', 'वुड' या रूपांत सांठविते : 'कुड यू गिव्ह मी सम वॉटर, प्लीज?' येथें 'कुड' हें रूप दिसावयास भूतकाळाचें, पण काळाशीं त्याचा संबंध नाहीं. तें एक पाऊल मागें सरून केलेलें आर्जव आहे. जाणाऱ्यानेंहि 'येतों' म्हणावें हा जसा आपला शिष्टाचार, तसा तो त्यांचा.

उलट एका ठिकाणीं इंग्रजी आपल्यापेक्षां दरिद्री आहे. 'आम्ही जातों' म्हणजे ऐकणारा सोडून, आणि 'आपण जाऊं' म्हणजे त्याला धरून. हा भेद मराठींत आहे, आणि घुग्घुसच्या तेलुगू घरांतहि 'मेमु' आणि 'मनमु' असा तो आहे. इंग्रजीला मात्र एक 'वी' आहे. म्हणून 'आपण जाऊं या' असें आमंत्रण द्यावयाचें तर 'लेट अस गो' किंवा 'शॅल वी गो?' असें स्पष्ट म्हणावें लागतें.

हें सर्व एकत्र कसें येतें तें एका छोट्या संवादांत पाहावें. मुलाखत घेणारा विचारतो, 'व्हेअर आर यू फ्रॉम?' उमेदवार सांगतो, 'आय अ‍ॅम फ्रॉम घुग्घुस, अ कोल टाउन नियर चंद्रपूर.' 'हाउ लाँग हॅव यू लिव्ह्ड देअर?' 'आय हॅव लिव्ह्ड देअर ऑल माय लाइफ. माय फादर वर्क्स इन द माइन.' 'डिड यू स्टडी देअर?' 'येस, आय डिड. आय फिनिश्ड स्कूल देअर, अँड नाउ आय अ‍ॅम डूइंग अ डिप्लोमा.' या चार ओळींत चार काळ आले, आणि शब्द सारे लहान मुलाच्या पुस्तकांतले. जन्मापासून आजपर्यंत गांवांत राहिला, म्हणून 'हॅव लिव्ह्ड'; वडील नित्य काम करतात, म्हणून 'वर्क्स'; शाळा संपली, म्हणून 'फिनिश्ड'; शिक्षण चालू आहे, म्हणून 'अ‍ॅम डूइंग'. प्रश्न समजला नाहीं तर गप्प बसूं नये, किंवा लाजून हंसूंहि नये. 'सॉरी, कुड यू से दॅट अगेन?' असें शांतपणें म्हणावें. इंग्रजी शिकणाऱ्यानें पहिल्या दिवशीं एकच वाक्य शिकावयाचें ठरविलें तर तें हें असावें.

यासाठीं मोठ्या शहरांतील महागड्या वर्गांचीच आवश्यकता आहे असें नाहीं. घरांतल्या घरांत रोज अर्धा तास पुरे. त्यांतील पहिलीं दहा मिनिटें एक वाक्य घेऊन तें वरील नऊ रूपांतून मोठ्यानें फिरवावें. वाक्य पुस्तकांतलें नसावें, घरांतलें असावें. 'आई भाकरी करते', 'बाबा पाळीवरून येतात', 'पाणी येत आहे' अशीं वाक्यें उत्तम. दुसरीं दहा मिनिटें एखादा लहान इंग्रजी उतारा मराठींत लिहावा, पुस्तक मिटावें, आणि दुसऱ्या दिवशीं त्या मराठीवरून तो पुन्हां इंग्रजींत लिहून मूळाशीं ताडून पाहावा. स्वतःची चूक स्वतःच्या डोळ्यांनीं दिसते आणि परीक्षकाची लाज वाटत नाहीं. शेवटचीं दहा मिनिटें घरांतील दोघांनीं केवळ इंग्रजींत बोलावें. या दहा मिनिटांत कोणी कोणाला मध्येंच थांबवूं नये आणि हंसूं नये. चुका मनांत ठेवून नंतर सांगाव्यात. जेथें मुलाच्या पहिल्या चुकीवर सारें घर हंसतें तेथें दुसरें वाक्य जन्मासच येत नाहीं.

शेवटीं एक महत्त्वाची गोष्ट. मूल इंग्रजींत मागें पडूं नये म्हणून घरीं मराठी बोलूंच नये, असा सल्ला हल्लीं पुष्कळ पालकांना मिळतो. आई-वडिलांना स्वतःला जी भाषा सहज येत नाहीं तींत तीं मुलाशीं बोलूं लागतात. मग गोष्टी सांगणें थांबतें, रागावणें आणि समजावणें दोन-चार आज्ञांवर येतें, आणि मुलाला कोणतीहि एक भाषा पुरी मिळत नाहीं. 'लिहिलें होतें' याचा भाव ज्याला कोणत्याच भाषेंत कळला नाहीं त्याला 'हॅड रिटन' कोण आणि कशाच्या आधारावर समजावणार? शिक्षणांतील भाषांविषयीं युनेस्कोनें १९५३ सालीं जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यानेंहि मुलाच्या शिक्षणास मातृभाषा हेंच सर्वोत्तम माध्यम ठरविलें आहे. महाराष्ट्रांत २००० सालापासून मराठी शाळांतहि पहिलीपासून इंग्रजी शिकविलें जाऊं लागलें. तेव्हां मराठी शाळेंत घातलें तर इंग्रजी मुळींच मिळणार नाहीं, ही भीति निराधार आहे. तेथें काय आणि कसें शिकवितात याकडे पालकांनीं लक्ष द्यावें, हें अधिक बरें.

हाच न्याय तेलुगू आणि गोंडी घरांनाहि लागू आहे. त्यांच्या मुलांना मराठी हीच दुसरी भाषा आहे, आणि ती त्यांनीं घरची भाषा न सोडतां आत्मसात् केली आहे. दुसरी भाषा कशी शिकावी याचा धडा घुग्घुसच्या गल्लींतून ही मुलें रोज देत असतात : आपली भाषा पक्की धरावी, परकी निर्भयपणें बोलावी, आणि चुकलें तर हंसून पुढें जावें. मोठ्यांनीं तेवढा धडा गिरविला तर इंग्रजीचे बारा काळ त्यांना छळणार नाहींत.